कथा लिहिणारा कुठल्या बांधावर उभा असतो?



आज कपाशीच्या खताबद्दल बोलणार नाही, गोष्टींबद्दल बोलणार आहोत. हसू नका, विषय आपलाच आहे.

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षं काढली. टोमॅटोवर करपा कसा येतो, एकरी उतारा किती, हे घोकून पास झालो. माल बाजारात नेल्यावर काय होतं, हा प्रश्न कधी पेपरात आला नाही. तो भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ या कथेनं घातला. कष्टानं पिकवलेले टोमॅटो बाप बाजारात नेतो, भाव पडतो, आणि शेवटी तो आपलाच माल पायाखाली तुडवतो. एवढीच गोष्ट. पण हे सगळं पाहतोय त्याचा मुलगा.

चंदनशिव १९४५ साली कळंब तालुक्यातल्या हासेगावला जन्मले, पुढे मराठीचे प्राध्यापक झाले. बाहेरच्या माणसानं लिहिलं असतं तर त्यानं व्यापाऱ्याला शिव्या घातल्या असत्या किंवा बापाची कीव केली असती. इथं दोन्ही नाही. शेतकऱ्याचा राग आपल्याच पिकावर निघतो, हे ज्यानं जवळून पाहिलं त्यालाच सुचतं. तूर, कांदा, कापूस, नाव बदला, गोष्ट तीच.

अण्णा भाऊ साठे पाहा. जन्म १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मांग समाजातला. शाळा जेमतेम दीड दिवस. बापाबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा धडधाकट गडी आहे. खाणीचं काम बंद पडतं, म्हणून तो मढी उकरून सोनं शोधू लागतो. त्यात हाताची दोन बोटं जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. काम असणं आणि नसणं यातलं अंतर ज्याच्या पोटानं मोजलं, त्यानंच हे लिहावं. भीमाला चोर म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

आता कुणी म्हणेल, मग ज्याचं पोट भरलेलं त्यानं लिहूच नये का? तसं नाही. व्यंकटेश माडगूळकर ब्राह्मण घरातले, वडील औंध संस्थानात कारकून. तरी १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’ मध्ये दुष्काळी मुलखातली माणसं जशीच्या तशी उतरली. गाव एकच, पाणी आटलं की सगळ्यांचंच. पण ते बांधावर थांबून बघतात, औत त्यांच्या हातात नसतं. हा फरक आम्हाला दिसतो. दोष म्हणून सांगत नाही.

आम्हीही कोरडवाहू घरातले. डिग्री हातात आली आणि बापाशी बोलताना आमची भाषा बदलली; शेताला आम्ही ‘प्लॉट’ म्हणू लागलो. बाप काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते बघणं कुठल्या कथेत यायला हवं होतं, आमच्यानं लिहिलं गेलं नाही.

तुमची पोरं आता कॉलेजात जातात. पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन या. जेवणं झाल्यावर ‘लाल चिखल’ मोठ्यानं वाचू, आणि मग ज्याच्या घरी जे घडलं ते त्यानं सांगायचं.