आपल्याच रक्तातील रक्षक

(मंडळाच्या बारामती येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गौरव, शिष्यवृत्त्या व वधूवरसूचन या विषयांना आपल्या मेळाव्यात मान असतो, आणि तो योग्यच आहे. आज मी मात्र अशा विषयावर बोलणार आहे की, ज्याचे नाव घराघरांत हळू आवाजात घेतले जाते. घरात कर्करोग निघाला की, आपल्या बारामती-इंदापूरकडचे कुटुंब भिगवणला गाडीत बसून परळची वाट धरते. आणि मागे राहिलेली मंडळी विचारणाऱ्यास ‘कामानिमित्त मुंबईला गेले आहेत’ एवढेच सांगतात. मुलीच्या सोयरिकीत अडचण येऊ नये, हा त्यामागील हेतू. या मौनाची किंमत किती, हे मी शेवटी सांगेन. प्रथम या रोगावर निघालेल्या एका नव्या उपायाची ओळख करून देतो.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी असतात. त्यांचे काम राखणदाराचे. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशी आपल्या पोटातील प्रथिनांचे बारीक तुकडे सतत बाहेर मांडून दाखवीत असते. शेतकरी बाजार समितीत जाताना धान्याची मूठभर वानगी तळहातावर घेऊन आडत्याला दाखवितो, तसाच हा प्रकार. ज्या तळहातावर ही वानगी ठेवलेली असते, त्याला शास्त्रज्ञ ‘एचएलए’ म्हणतात. टी-पेशीच्या अंगावरील ‘ग्राही’ नावाचा रेणू ती वानगी पारखतो. वानगी खोटी आढळली, म्हणजे त्या पेशीत विषाणू शिरला आहे किंवा ती बिघडली आहे असे दिसले, की टी-पेशी तिचा नाश करते.

मग कर्करोग होतोच कसा? कारण कर्कपेशी परकी नसते, ती आपल्यातलीच बिघडलेली असते. तिची वानगी खऱ्या मालासारखीच दिसते आणि राखणदार फसतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की, राखणदाराची नजरच बदलावी.

हे कसे करतात, ते आपल्या द्राक्षबागाइतदारांना लगेच उमजेल. क्षारपड जमिनीत आणि कमी पाण्यात टिकणारा खुंट खाली ठेवून त्यावर गोड फळाच्या वेलीची काडी भरतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. येथेही रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांच्यात नव्या ग्राहीचे जनुक घालतात, त्या प्रयोगशाळेत वाढवितात आणि पुन्हा रुग्णाच्या शिरेतून आत सोडतात.

अशा कलमाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात ग्राही सर्वस्वी नव्या घडणीचा असतो व तो पेशीच्या बाहेरच्या अंगावरील खूण ओळखतो. यात तळहाताचा प्रश्न येत नाही. हा उपाय आपल्या महाराष्ट्रात सिद्ध झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पवई येथील आयआयटीमधील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आदींनी तो घडविला. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णावर त्याचा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला शासकीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. ‘नेक्सकार-१९’ हे त्याचे नाव. परदेशात ज्यास तीन-चार कोटी रुपये पडत, ते येथे आरंभी ३० ते ४० लाखांत होऊ लागले. ही रक्कमही सामान्य कुटुंबाला जमीन विकावयास लावणारी आहे, हे मी विसरत नाही. शिवाय हा उपाय रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांपुरताच, आणि इतर उपचारांनी न हटलेल्या किंवा उलटलेल्या रोगासाठी आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग हटला किंवा ओसरला.

दुसऱ्या प्रकारात खरा टी-पेशी ग्राहीच घेऊन त्याची नजर अधिक तीक्ष्ण करतात. तो पेशीच्या पोटातील प्रथिनेही वानगीवरून ओळखू शकतो. म्हणून गाठींच्या कर्करोगांत त्याच्याकडून विशेष आशा आहे. पण तीक्ष्णतेचाही अतिरेक घातक ठरतो. अमेरिकेतील अशा एका प्रयोगात पहिले दोन्ही रुग्ण हृदयाला इजा होऊन दगावले. ज्या कर्कप्रथिनासाठी ग्राही घडविला होता, त्याच्यासारखाच तुकडा हृदयस्नायूंच्या ‘टायटिन’ या प्रथिनात होता, असे तपासाअंती आढळले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी ही चूक स्वतः प्रसिद्ध केली, आणि पुढील प्रयोगांत अधिक दक्षता आली. १ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत सांध्यांलगतच्या ऊतींत बहुधा उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगावर या प्रकारच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत ४४ रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हा ग्राही केवळ वानगी पाहत नाही, तळहातही पाहतो. आणि तो तळहात आपल्याला आईवडिलांकडून मिळालेला असतो. त्याचे हजारो प्रकार आहेत. अमेरिकेतील तो उपचार ‘ए-०२’ कुळातील चारच उपप्रकारांसाठी मान्य आहे. आपल्या देशात बऱ्याच प्रमाणात आढळणारा ‘०२:११’ हा उपप्रकार त्या यादीत नाही. याचा अर्थ उघड आहे. दुसऱ्यांच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्याला बसेलच असे नाही. आपले माप कोणी घ्यावयाचे असेल, तर आपण ते देण्यास पुढे आले पाहिजे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून प्रयोगशाळा उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या आनुवंशिक लक्षणांची माहिती १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केली होती. त्या काळी लोकांनी विश्वासाने रक्त दिले, म्हणून ते कार्य झाले.

तेव्हा मंडळापुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, रक्तमूलपेशीदात्यांच्या नोंदणीचे एक शिबिर आपण बारामतीत व एक इंदापुरात भरवावे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की नमुना मिळतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. उरलेल्यांना परक्या दात्याचाच आधार. अशा नोंदींतूनच आपल्याकडील तळहातांचे प्रकारही अभ्यासकांना कळतात. मात्र ही खूण जात पाहत नाही. आपल्या लेकराला जुळणारा दाता शेजारच्या आळीतील दुसऱ्या समाजाचा असू शकेल, आणि आपला नमुना त्यांच्या लेकराला. म्हणून शिबिराचे दार सर्वांना उघडे असावे.

दुसरी विनंती मौनाविषयी. लपविलेला रोग वाढतो. उपचार उशिरा सुरू होतो, आणि ज्याने मदत केली असती त्याला कळतच नाही. ज्या घरात आजार आहे, त्या घरची सोयरीक मोडणार नाही, असा निर्धार या सभेने केला, तर कोणत्याही औषधाइतकेच मोठे काम होईल.

विज्ञानाने आपल्याच रक्तातून रक्षक घडविला आहे. त्याला आपल्या दारापर्यंत आणणे आपल्या हाती आहे.