सोडून दिलेल्याचे मोल



डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलेला हिशेब आजही चकवतो. ठरावीक कापडासाठी पोर्तुगालमध्ये वर्षभर ९० माणसे लागतात, इंग्लंडमध्ये १००. द्राक्षमद्यासाठी अनुक्रमे ८० आणि १२०. (आकडे कल्पित, पण बोलके.) दोन्हींत पोर्तुगालच सरस! तरीही ८० माणसांचे मद्य देऊन इंग्लंडचे ते कापड घेतले, तर पोर्तुगालची १० माणसांची मेहनत वाचते आणि इंग्लंडची २०. कापड घरीच विणण्याची खरी किंमत म्हणजे त्यापायी हातचे गेलेले मद्य. दुबळ्यालाही बाजारात स्थान मिळते, ते या तुलनेमुळेच. मात्र माग बंद पडलेल्या पोर्तुगीज विणकराने द्राक्षमळ्याची विद्या कुठून आणावी, याचे उत्तर त्या हिशेबात नाही.