मोठ्या रस्त्याचा हिशेब पांदणीवरून

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, मोटारीला ताशी १२० चा वेग. गाडी कुठे चढली, कुठे उतरली ते यंत्र लिहून घेते आणि फास्टॅगमधून पैसे आपोआप कापते. उद्या गाडी गाडीशी बोलेल, चालक लागणारच नाही, असेही सांगतात. चालकांचा रोजगार जाईल म्हणून तशी गाडी देशात येऊ देणार नाही, हे नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे चालकाचा विचार झाला. ज्याची जमीन रस्त्याखाली गेली आणि ज्याचा माल गाडीत आहे, त्याचा कोणी केला?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. २०१९ मध्ये अकोट तालुक्यात परवानगी नसलेले एचटीबीटी कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले, ते तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठीच. पण कृषी पदवी घेताना आम्ही एक गोष्ट पाहिली. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पाणी वेळेवर, खत वेळेवर. तिथे कुठलेही वाण डोलते. त्याची परीक्षा होते कोरडवाहू, हलक्या रानात. समृद्धी हा वाहतुकीचा प्रात्यक्षिक प्लॉट आहे. परीक्षा आपल्या पांदणीत व्हायची आहे.

त्या रस्त्यावर ट्रॅक्टरला बंदी, मोटारसायकललाही बंदी. वेगाच्या रस्त्यावर हे समजण्यासारखे आहे. मग ट्रॉली जाणार कुठून? जुन्याच रस्त्याने. आणि त्या रस्त्यापर्यंत पोचायला आधी काळ्या मातीची पांदण. २०२५ च्या हंगामात सीसीआयने कपास किसान ॲप आणले. नोंदणी मोबाइलवर, कापूस आणायची वेळही मोबाइलवर. केंद्रावरची रांग कमी होणार असेल तर हवेच आहे. पण वेळ ठरवणाऱ्या यंत्राला पांदण दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास एक सर आली की चाक आसापर्यंत रुतते. रात्रभर दवात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतला कापूस सकाळी मीटरवर १२ टक्क्यांच्या वर जाऊ शकतो, आणि सीसीआयची ओलाव्याची मर्यादा तिथेच संपते. वेळही गेली, भावही गेला. ज्वारीचा कडबा नेणाऱ्याची तर कुठे नोंदच नाही.

नाक्यावर ट्रक थांबत नाही, डिझेल वाचते, धूर कमी होतो, असे म्हणतात. खरे आहे. पण चिखलात पहिल्या गिअरवर ट्रॅक्टर जे डिझेल जाळतो, ते कोणाच्या वहीत लिहिले आहे? टोलचेही तसेच. गाठी नेणाऱ्या ट्रकचा टोल व्यापारी खिशातून भरत नाही. आपल्या कापसाचा भाव काढतानाच तो वजा करतो. यंत्राकडे पै-पैची नोंद आहे, पण ती पाहतो गाडीमालक आणि सरकार. ज्याच्या मालातून पैसा गेला त्याला नुसता आकडा ऐकायला मिळतो.

आपली मागणी साधी आहे. ज्या तालुक्यातून हा रस्ता गेला, तिथल्या पांदणी त्याच्या टोलमधून खडीच्या करा. पावसाने वाट बंद असेल तर खरेदीची वेळ आपोआप पुढची मिळू द्या. एवढे हुशार यंत्र आहे, त्याला हे अवघड नसावे. आणि भाड्यात टोल किती धरला, ते काटापट्टीवर छापा.

पुढच्या बैठकीला येताना या हंगामाच्या भाड्याच्या आणि काट्याच्या सगळ्या पावत्या आणा. गावाचे नाव आणि पांदणीची लांबी मागे लिहा. तालुकावार बेरीज करून तोच कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.