पोराचं वाचन आणि आपली ड्युटी

(हुबळी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी माईकसमोर उभा राहिलो की बोनस, पेन्शन आणि रोस्टर यांवरच बोलणार, असं तुम्ही धरून चालता. आजचा विषय वेगळा आहे. पहिली ते चौथीतल्या आपल्या पोराचा घरचा अभ्यास. परवा ऑफिसात एकदोघांनी विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, हे मास्तरांचं काम, युनियनचं कुठे?" त्यांना सांगतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवली. शाळा आणि सुट्टी या दोन मागण्या एकाच चळवळीतून आल्या आहेत. पुढे मे १९७४ च्या संपात इंजिनावरच्या माणसांसाठी आठ तासांच्या ड्युटीची मागणी होती, आणि त्या संपात हजारो लोक तुरुंगात गेले. आठ तास काम, आठ तास झोप, उरलेले आठ तास आपले. त्या आठ तासांतली वीस मिनिटं मी आज पोरासाठी मागतोय.

आता मूळ मुद्दा. सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे अनुकंपा भरतीचे अर्ज येतात. बाप ड्युटीवर गेलेला असतो, आई दारात उभी असते आणि सोबत अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो. दाखल्यावर नववी पास, कधी दहावीपर्यंत. फॉर्म पुढे ठेवतो आणि म्हणतो, वाच बाबा, काय लिहिलंय. तो फॉर्मकडे बघत राहतो. इंग्रजी नाही, कानडी नाही, मराठीही नाही. दहा वर्षं शाळेत बसून आलेला मुलगा! अशा वेळी आईच्या तोंडाकडे बघवत नाही. हे नुकसान नववीत झालेलं नसतं. ते तिसरीत झालेलं असतं आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

तिसरीच का, तर पहिली-दुसरीत अक्षरं जुळवायला शिकवतात. तिसरीपासून पुस्तक असं धरून चालतं की पोराला वाचता येतं. परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच समजायचं असतं. ज्याला वाचता येत नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो, फळ्यावरचं उतरवून घेतो, वही भरते. आपण वही बघून खूश. 'प्रथम' संस्थेची 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भागात होते. तिच्या २०२४ च्या अहवालात देशभरात तिसरीतल्या शंभरातल्या साधारण सत्तावीस मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला. सरकारनेही हे ओळखून २०२१ साली 'निपुण भारत' मोहीम काढली आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधं गणित यावं, असं उद्दिष्ट ठरवलं. त्यासाठी मुदत घातली २०२६-२७ ची. मोहीम चांगली आहे, पण आपलं पोर तिची वाट बघत थांबणार नाही.

मग आपण म्हणतो, मी मॅट्रिक, बायको सातवी, पोराची शाळा इंग्रजी नाहीतर कानडी, आम्ही काय शिकवणार? शिकवणीला घालतो. सहा वर्षांच्या पोराला शिकवणी! मला हे पटत नाही. तिथे पंधरा पोरं एका खोलीत बसून शाळेचाच गृहपाठ पुरा करतात, आणि घरी आल्यावर आपण विचारतो, "झाला का अभ्यास?" तो म्हणतो "झाला." विषय संपला.

साथींनो, आपली मराठी ही इथे अडचण नाही, भांडवल आहे. पोराला ज्या भाषेत विचार करता येतो, प्रश्न विचारता येतो, त्या भाषेत ऐकलेली गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसते. एकदा पाणी का उकळतं हे मराठीत कळलं की कानडी किंवा इंग्रजी शब्द नुसता वर चिकटवायचा असतो. आणि कानडीला घाबरण्यासारखं काय आहे? लिपी वेगळी असली तरी क, ख, ग, घ हा क्रम तोच. आपण जिला बाराखडी म्हणतो तिला इथे कागुणित म्हणतात. पोरगा शाळेत कागुणित म्हणत असेल तर घरात आईने शेजारी बसून का, कि, की म्हणावं. दोघांचं एकदम चालतं. बिलासपूर, खडगपूरकडे बदलीवर असलेले आपले भाऊ हिंदी-बंगालीशी असाच मेळ घालू शकतात.

वाचनाचं म्हणाल तर फार काही करायचं नाही. पोराने रोज मोठ्याने एक पान वाचायचं आणि घरातल्या एका माणसाने ऐकायचं. ऐकणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही. आमच्या कॉलनीत एक आजी आहेत, अक्षरओळख नाही. नातवाला रोज भाकरी थापताना वाचायला लावतात आणि मध्येच म्हणतात, "थांब, मग त्या कोल्ह्याने काय केलं? आणि का केलं?" एवढंच. पोराला उत्तर द्यायचं तर समजून वाचावं लागतं. "समजलं का?" असं कधी विचारू नका, पोर 'हो' म्हणतं आणि सुटतं. "काय झालं ते मला सांग," असं म्हणा. अडखळला तर लगेच शब्द पुरवू नका. आपण शंटिंगला सिग्नलची वाट बघतो ना, तेवढी तरी बघा.

मराठी पुस्तकं इथे मिळत नाहीत, ही तक्रार आता खरी नाही. बालभारतीची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मिळतात. मोबाईल तसाही पोराच्या हातात असतोच, निदान त्यात एक गोष्ट तरी असू द्या.

आता शिफ्टचा प्रश्न. सकाळची ड्युटी असली तर संध्याकाळ आपली. रात्रपाळी असली तर पोर शाळेतून आल्यावर आपण उठलेले असतो. खरी अडचण दुपारी दोन ते दहाच्या पाळीची. पोर शाळेतून येतं तेव्हा बाप गेलेला, बाप येतो तेव्हा पोर झोपलेलं. त्यावर एक उपाय आहे आणि तो आमच्या काही घरांत चालू आहे. निघताना डब्याच्या कपाटावर चिठ्ठी ठेवायची. दोन ओळी. "आज नळाला पाणी आलं का? तुझ्या कंपासपेटीत मी काय ठेवलंय ते शोध." पोराने ती वाचायची आणि खाली उत्तर लिहून ठेवायचं. रात्री घरी आल्यावर ते वाचून जेवायला बसायचं. चुका लाल पेनने खुणावू नका. उत्तरात तोच शब्द बरोबर लिहा, पोर आपोआप बघतं. टपालवाल्या भावांना तर मी सांगायला नको. १ जुलै १८७९ ला या देशात पोस्टकार्ड सुरू झालं. गावाकडच्या आजोबांना महिन्याला एक कार्ड पोराकडून लिहून घ्या, पत्ता आणि पिनकोडसकट. आजोबांचं उत्तर आलं की बघा, ते पोर किती वेळा वाचतं.

गणितात मात्र जरा थांबायला हवं, कारण मराठी अंकांची एक खोड आहे. आपण 'त्रेपन्न' म्हणतो, म्हणजे तीन आधी आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. पोर ऐकतं तसं लिहितं आणि ५३ चे ३५ होतात. आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष आहे, म्हणूनच तसं लिहितं! कानडीत 'ऐवत्तमूरु', म्हणजे सरळ पन्नास-तीन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' अशी जोडवाचनाची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, चेष्टा झाली. माझं मत विचाराल तर पद्धत चांगली आहे. इथे आपल्याला ती कानडीने आयती दिली आहे. काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे रबराने बांधा. पाच जुडगे, तीन सुट्या. ऐवत्तमूरु, पन्नास तीन, त्रेपन्न. तिन्ही म्हणायचं. 'एकोणसाठ' म्हणजे साठला एक कमी, हेही काडी काढून दाखवा. याला पैसा लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पोरांना पानं, बिया, दगड घेऊनच शिकवलं.

तिसरी-चौथीत गेल्यावर तर रेल्वेच्या माणसाने मास्तरांना मागे टाकावं. गाडी ७.४० ला सुटते, १०.१५ ला पोचते, किती वेळ लागला? पोर १०१५ मधून ७४० वजा करतं आणि म्हणतं २७५. इथे रागावू नका. तास साठ मिनिटांचा असतो, शंभराचा नाही, हे तुमच्याइतकं कोण सांगू शकतं? ७.४० ते ८ वीस मिनिटं, ८ ते १० दोन तास, वर पंधरा. झाले दोन तास पस्तीस मिनिटं.

आणखी एक. वॅगनवर अकरा आकडी नंबर असतो, शेवटचा आकडा तपासणीचा. समजा पहिले दहा आकडे ३००११२४५६७. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा यांची बेरीज १५, तिप्पट ४५. बाकीच्या पाचांची बेरीज १४. एकूण ५९. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ६० ला, एक कमी. म्हणून अकरावा आकडा १. नंबर डायरीत उतरवून घरी न्या, शेवटचा झाकून पोराला काढायला लावा. पोराला यार्डात आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रात्रपाळी करून डोकं तापलेलं असतं, पोर पाढा चुकतं आणि हात उठतो. मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला बंदी केली, घरात कायदा बघायला येत नाही. पण मार खाल्लेलं पोर दुसऱ्या दिवशी पुस्तक लपवतं. डोकं तापलं असेल तर त्या दिवशी अभ्यास नको, नुसते जेवायला सोबत बसा. आणि हे सगळं वहिनींच्या अंगावर ढकलू नका. त्यांचीही ड्युटी असते, फक्त तिला रोस्टर नाही. मुलीला धाकट्याला सांभाळायला बसवून मुलाचं वाचन ऐकणारी घरंही मी पाहिली आहेत. तिचंही एक पान ऐका.

शेवटी कामाचं. मुलांचा शिक्षण भत्ता १ जानेवारी २०२४ पासून दरमहा दर मुलामागे २,८१२ रुपये ५० पैसे झाला, पहिल्या दोन अपत्यांसाठी. वर्ष संपलं की मुख्याध्यापकांचा दाखला घेऊन अर्ज करायचा असतो. आपल्या शाखेतल्या काही ट्रॅक मेंटेनर भावांनी गेल्या वर्षी तो मागितलाच नाही. ज्यांचा राहिला आहे त्यांनी उद्या संध्याकाळी सहानंतर युनियन ऑफिसात यावं, फॉर्म तिथे आहेत, भरून देऊ. येताना पोराला घेऊन या, कपाटात 'किशोर'चे काही अंक ठेवले आहेत.

जय हिंद.