धावपट्टी मागे सरकली तर?

धावपट्टीच विमानाच्या वेगाने मागे सरकू लागली, तर विमान उडेल काय? मोटारीचे उदाहरण मनात धरून पुष्कळ जाणतेही येथे फसतात. मोटारीची चाके जमिनीला रेटतात. विमानाची चाके नुसती फिरतात, रेटा मिळतो तो पंख्याने मागे लोटलेल्या हवेमुळे. चाके दुप्पट वेगाने फिरतील, इतकेच. 2008 सालच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात छोट्या विमानाखालची लांबलचक ताडपत्री वाहनाने उलट दिशेस ओढली. विमान उडणार नाही, असे खुद्द वैमानिकाचेच मत होते! ते उडाले. पंखांना उचलते ती हवा. 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंच्या विमानाने 12 सेकंदांत 120 फूट कापले, म्हणजे ताशी जेमतेम 7 मैल. समोरच्या वाऱ्यामुळे पंखांना लाभलेला वेग मात्र सुमारे 30 मैलांचा होता.