उघड्या माहितीला कुलूप कशाला?



आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पेरणीचा सल्ला सगळ्यांसाठीच असतो. त्यात गुपित काय? मग अशा संकेतस्थळांना ‘एचटीटीपीएस’चं कुलूप कशाला, असं काही जण विचारतात.

मी बँकेतला माणूस. पूर्वी तारेनं पैसे पाठवताना मजकुरात एक सांकेतिक आकडा असायचा. तो जुळला तरच रक्कम द्यायची. तार खरंच त्या शाखेची आहे आणि रक्कम वाटेत बदललेली नाही, हे त्यावरून कळायचं. या कुलुपाचंही तसंच. ते नसेल, तर फुकटचं वायफाय चालवणारा मधल्या मधे औषधाचं प्रमाण किंवा फोन नंबर बदलू शकतो. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही आणि हंगाम जातो शेतकऱ्याचा.

खर्चाची सबब उरलेली नाही. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ हे प्रमाणपत्र फुकट देते. २०१८ पासून क्रोमही बिनकुलुपाच्या पानाला ‘असुरक्षित’ म्हणतं.

मात्र कुलूप म्हणजे वाट सुरक्षित. पलीकडचा माणूस प्रामाणिक, असं नव्हे. भामटेही कुलूप लावतात. म्हणून मंडळी, कुलूप बघा आणि पत्ताही अक्षर न् अक्षर वाचा.