सागरजलातील घड्याळे

(अहमदपूर येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



बालाघाटाच्या या पठारावर समुद्राची गोष्ट काढणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु येथील मन्याडीचे पाणी मांजरा-गोदावरीच्या वाटेने अखेर बंगालच्या उपसागरासच मिळते. जाताना नद्या खडकांतील युरेनियमचा अत्यल्प अंश विरघळवून नेतात. हा अंश हजार लिटर सागरजलात सुमारे ३ मिलिग्रॅम भरतो. किरणोत्सर्ग म्हणताच आपणांस १९४५ सालचे हिरोशिमा आठवते. तथापि हा नैसर्गिक किरणोत्सर्ग मनुष्यजातीहून पुरातन आहे, आणि शास्त्रज्ञांस तो घड्याळासारखा उपयोगी पडतो.

तो कसा, हे पाहू. युरेनियमपासून थोरियम-२३४ सतत निपजत असते आणि सुमारे २४ दिवसांत त्याचा निम्मा भाग विघटन पावतो. युरेनियम पाण्यात विरघळून राहते. थोरियम मात्र कणांस चिकटते. सूक्ष्म वनस्पतींचे मृत कण तळाकडे जाऊ लागले की तेही त्यांच्यासवे जाते. म्हणून वरच्या थरात थोरियम अपेक्षेहून किती कमी भरते, ते मोजले म्हणजे किती कार्बन खोल गेला याचा अजमास निघतो. हवेतील कर्बवायूचा किती भार समुद्र पोटात घेतो, हा प्रश्न पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या आपणांस परका नाही.

काही किरणोत्सर्गी द्रव्ये तर याहूनही विरळ. विश्वकिरणांमुळे वातावरणात उपजणारे सिलिकॉन-३२ पावसाबरोबर समुद्रात उतरते; ते मोजावयाचे तर टनावारी पाणी हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. देवेंद्र लाल यांनी गोल्डबर्ग व कोइडे यांच्यासह १९६० साली ते सागरी स्पंजांत असल्याचे प्रसिद्ध केले. स्पंज आपला सांगाडा रचण्यासाठी पाण्यातील सिलिका वेचीत असतो. निसर्गाने केलेली ती वेचणीच त्यांच्या कामी आली. पुढे लाल, सोमयाजुलू आदींनी लोहाच्या हायड्रॉक्साइडचा लेप दिलेला स्पंज, व १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात तसाच लेप दिलेले कृत्रिम धागे, थेट समुद्रातच सोडले. पाणी प्रयोगशाळेत वाहून आणण्याऐवजी धाग्यांवरून पाणी वाहू दिले. सिलिकॉन, रेडियम, थोरियम धाग्यांस लागून राहिले.

या कामाचे मर्म, आमच्या मते, युक्तीत आणि चिकाटीत आहे. आपल्या जिल्ह्यातील मुले वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत नाव काढतात, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एखाद्या मुलीने वा मुलाने मूलभूत विज्ञानाची वाट धरली, तर ‘यात पुढे काय?’ म्हणून त्यास मागे ओढू नये. या कामाचे फळ उशिरा पदरी पडते. त्या मधल्या वर्षांत त्यांस निदान पुस्तकांची व वसतिगृहाची चिंता पडू नये, एवढे साहाय्य ज्ञातिनिधीने अवश्य करावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.